नवऱ्याचं बॅटरीचं काम, पहिली मुलगी 32 आठवड्यांची. दुसऱ्या वेळी काय करू?

कुर्लेकरीण
9 फेब्रुवारी, रात्री 11:40

पहिल्यांदाच लिहितेय. लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट उत्तर देता येणार नाही.

मला दुसऱ्यांदा दिवस गेलेत, नववा आठवडा चालू आहे. मोठी मुलगी साडेतीन वर्षांची. तिच्या वेळी आठव्या महिन्याच्या तोंडावर पाय सुजले, डोकं ठणकायचं, आणि तपासायला गेले तर बीपी 160/110. त्याच रात्री सिझेरियन. बाळ 32 आठवड्यांचं, वजन 1 किलो 460 ग्रॅम. 24 दिवस ती काचेच्या पेटीत आणि मी बाहेरच्या बाकड्यावर. तिच्या नाकातली नळी काढली तो दिवस मला तारखेसकट आठवतो. आता हिंडतेफिरते, खाते-पिते, फक्त बोलायला उशिरा लागली आणि अजूनही एका जागी बसत नाही.

सासूबाई म्हणतात, माळ्याची शिडी सारखी चढउतार केलीस म्हणून असं झालं. मीही तेच मनात धरून बसले होते.

आमचा गाळा कुर्ल्याला, सीएसटी रोडच्या आतल्या गल्लीत. खाली नवरा आणि दीर इन्व्हर्टरच्या आणि रिक्षाच्या बॅटऱ्या दुरुस्त करतात, वर माळ्यावर आम्ही सहा माणसं राहतो. बॅटरी खोलायची, गेलेल्या प्लेटा काढायच्या, नव्या बसवायच्या, शिसं वितळवून पट्ट्या आणि टर्मिनल ओतायचे, हे रोजचं. शिशाची कढई मागच्या दारात शेगडीवर असते. नवरा जेवायला वर येतो तो त्याच शर्टात, आणि आला की मुलगी मांडीवर चढते. त्याचे कपडे मी आमच्याच बादलीत भिजवते. बादलीच्या तळाला करडा गाळ बसतो. चार वर्षं मी तो बघतेय आणि मोरीत ओततेय.

गेल्या आठवड्यात गल्लीतली एक मुलगी, बीएस्सीला आहे, तिने सांगितलं की शिसं पोटातल्या बाळापर्यंत पोचतं आणि त्याने दिवस भरायच्या आत बाळंतपण होऊ शकतं. मला त्या रात्री झोप आली नाही. दवाखान्यात विचारलं तर डॉक्टरबाई म्हणाल्या, असल्या तपासण्या कुणी करत नाही, तू गोळ्या वेळेवर घे.

मुलगी लवकर आली ती शिशामुळेच का? रक्तात शिसं आहे का हे कळतं का, आणि लॅबमध्ये नेमकं काय सांगायचं? संगमेश्वरला मावशीचं घर आहे, बाळंतपणापर्यंत तिथे जाऊन राहिले तर बाळ वाचेल का? माझं लहानपण धारावीत भंगाराच्या तेरा कंपाऊंडजवळ गेलं. आई वायरी सोलायचं काम घरी आणायची आणि आम्ही बहिणी दातांनीसुद्धा सोलायचो. त्याचा आता काही संबंध असेल का? आणि मासे खायचे की नाही? त्यात पारा असतो म्हणतात.

धंदा बंद करा असं कृपा करून सांगू नका. सहा माणसं त्यावर जेवतात.

परळची_सिस्टर
10 फेब्रुवारी, सकाळी 6:20

अगं, शिडी चढल्याने कुणाचं बीपी 160 होत नाही. हे सासूबाईंना माझ्या नावाने सांग. मी 31 वर्षं महापालिकेच्या रुग्णालयात काढली, त्यातली 14 नवजात बाळांच्या कक्षात. शिडीमुळे आलेलं एकही बाळ मी पाहिलं नाही.

तुझी मुलगी शिशामुळेच लवकर आली का, हे एका बाळाकडे बघून कुणालाच सांगता येत नाही. अभ्यास असतात ते शेकडो आयांचे. पोर्तो रिकोमधल्या गरोदर बायकांच्या रक्तात शिसं जास्त होतं तिथे वेळेआधी बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त निघालं. शिसं वारेतून, म्हणजे नाळेच्या मुळाशी जी वार असते तिच्यातून, जवळजवळ विनाअडथळा बाळाकडे जातं. वारेला सूज आणतं, पेशींना इजा करतं. आणि थोडं असलं तरी आईचं बीपी वाढवतं. तुझं बाळ बीपीमुळे काढावं लागलं होतं, म्हणून हा धागा मी सोडणार नाही. पण बीपी वाढायला दुसरी दहा कारणं असतात. सगळं शिशावर टाकून बाकीच्याकडे पाठ फिरवू नकोस.

म्हणून तपासणीच्याही आधीचं काम: डॉक्टरांना स्पष्ट सांग की मागच्या वेळी बीपीमुळे 32 आठवड्यांना सिझेरियन झालं होतं. अशा बाईला साधारण बाराव्या आठवड्यापासून ॲस्पिरिनची लहान गोळी देतात, ती वेळ तुझ्या हातात आहे. स्वतःहून घेऊ नकोस, पण विचारल्याशिवाय दवाखान्यातून बाहेर पडू नकोस.

तपासणीचं नाव "ब्लड लेड". बोटाला टोचून नाही, शिरेतून रक्त घ्यायला लाव, आणि नळी धातूंच्या तपासणीसाठीची हवी असं सांग. कोपरापर्यंत हात साबणाने धुऊन जा, कातडीवर पूड असेल तर आकडा खोटा येतो. शिशाचं प्रमाण अमुक इतकं असलं तर चालतं, अशी पातळीच नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेने 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर ही रेघ धरली आहे. तिच्यावर गेलं की शिसं येतं कुठून ते शोधायचं आणि थांबवायचं. गरोदर बाईच्या खाण्यात कॅल्शियम कमी असेल तर ते द्यायचं, लोह कमी असेल तर तेही.

धारावीचं विचारलंस ते फार बरं केलंस. मोठ्या माणसाच्या अंगातलं नव्वद टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत असतं आणि तिथे वर्षानुवर्षं राहतं. शरीराला ते कॅल्शियमसारखंच वाटतं. बाळाची हाडं घडू लागली आणि आईच्या जेवणात कॅल्शियम पुरलं नाही की हाडातलं काढलं जातं, त्याबरोबर लहानपणीचं शिसंही रक्तात उतरतं. संगमेश्वरला गेलीस तर रोजची पूड थांबेल, ती थांबायलाच हवी. पण हाडातलं तुझ्याबरोबर गाडीत बसेल. म्हणून दूध, ताक, नाचणी, तीळ, आणि चौदाव्या आठवड्यापासून कॅल्शियमच्या सरकारी गोळ्या, 500 मिलिग्रॅमची दिवसाला दोन वेळा. लोहाची गोळी वेगळ्या वेळी, दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह अंगी लागत नाही. लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त ओढतं, तेव्हा हिमोग्लोबिन किती आहे तेही लिही.

शेवटचं, आणि हे वाचून घाबरशील, तरी लिहिते. मुलीची तपासणी कर. पोटातल्याची काळजी करतेस, पण त्या लादीवर रांगून मोठी झालेली पोर ती आहे. बोलायला उशीर वेळेआधी जन्मल्यामुळेही होतो, पण शिशामुळेही होतो.

तळोजा_शिफ्टवाला
10 फेब्रुवारी, दुपारी 1:05

ताई, मी जुन्या बॅटऱ्यांतून शिसं काढायच्या कारखान्यात 11 वर्षं होतो. परवाना असलेला कारखाना. आम्हाला पहिल्या दिवशी जे शिकवलं ते तुमच्या घरातल्यांना कुणी सांगितलेलंच नसणार, म्हणून लिहितो.

कामाचे कपडे गेटच्या बाहेर जात नाहीत. कपाटं दोन, एकात घरचे, दुसऱ्यात कामाचे, आणि मधे आंघोळ. कामाच्या जागी खाणं, चहा, तंबाखू, काही नाही. ठरावीक महिन्यांनी रक्त काढायचे, आकडा चढला की त्या माणसाला भट्टीवरून हलवायचे. फॅक्टरी ॲक्टमध्ये शिशाची विषबाधा सरकारला कळवायच्या रोगांत होती. गल्लीतल्या गाळ्यात यातलं काहीच नसतं. माणूस तोच, शिसं तेच.

धूर वाईटच, पण घरात शिरते ती पूड. जुन्या प्लेटा खोलताना जी सुकी भुकटी पडते ती केसांत, पॅंटच्या घडीत, चपलेत बसते. तेव्हा दादांना आणि दिरांना एवढं सांगा: खाली एक मोरी असेल तर तिथेच आंघोळ, केसांसकट, मग वर. चपला खालीच. कामाचे कपडे खाली खुंटीला, त्यांची बादली वेगळी, आणि ते त्यांनीच धुवायचे, तुम्ही हात लावायचा नाही. प्लेटा खोलायच्या आधी पाणी मारून ओल्या करायच्या. माळ्यावर आणि शिडीवर झाडू मारू नका, झाडूने ती पूड पुन्हा हवेत जाते. साबणाच्या पाण्यात फडकं भिजवून पुसा, रोज. शिसं वितळवायचं काम घराच्या दारातून हलवता आलं तर त्याच्यासारखं काही नाही.

धंदा बंद करा असं मी म्हणणार नाही. माझंही पोट त्याच धातूवर भरलं.

वेसावकर
10 फेब्रुवारी, संध्याकाळी 7:30

बाय, मासे सोडू नको. पारा मोठ्या शिकारी माशांत साठतो, कारण ते आयुष्यभर लहान मासे खात राहतात. मुशी खाऊ नको, मोठा सुरमई-घोळ नेहमी नको. बोंबील, मांदेली, तारली, बांगडा, करंदी खा. मांदेली काट्यासकट खाल्लीस तर कॅल्शियम आयतंच. आमच्या घरी तीन बाळंतपणं त्यावरच झाली.

गिरगावचा_मोहन
10 फेब्रुवारी, रात्री 9:15

आमच्या वैद्यांकडे गर्भिणीसाठी भस्मयुक्त गोळ्या मिळतात, शरीर शुद्ध होतं. ताईंना हव्या असतील तर पत्ता देतो.

परळची_सिस्टर
10 फेब्रुवारी, रात्री 10:02

मोहनराव, तुमचा हेतू चांगला आहे, पण या बाईला भस्म देऊ नका. नागभस्म म्हणजे शिशाचंच भस्म. रससिंदूर पाऱ्याचा. 2004 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात बोस्टनच्या दुकानांतली 70 आयुर्वेदिक औषधं तपासली तेव्हा 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. शतावरीला माझा विरोध नाही. धातू असलेलं काहीही गरोदरपणात नको, आणि ज्या पुडीवर आत काय आहे ते लिहिलेलं नाही ती तर नकोच.

कुर्लेकरीण, घरात मिसरी कोण लावतं? आणि माती किंवा पाटीवरची पेन्सिल खायचे डोहाळे आहेत का? लाजू नकोस, माझ्या वॉर्डात निम्म्या बायका उशाखाली पेन्सिली ठेवायच्या.

काळबादेवी_माळा_नं_3
11 फेब्रुवारी, दुपारी 3:40

माझे मिस्टर दागिन्यांचे कारागीर. केडीएमचं डाग लावायचे तेव्हा सोन्यात कॅडमियम मिसळायचं, त्याचा धूर अख्ख्या खोलीत, आणि आमची चूल त्याच खोलीत. कॅडमियम वारेत अडकून राहतं आणि बाळाला मिळायचं ते पोषण अडतं, असं मला डॉक्टरांनी समजावलं. माझा मुलगा दिवस भरून झाला, पण दोन किलोचा. तुमच्या गाळ्यात विड्या ओढत असतील तर तेही बंद करा, तंबाखूतही कॅडमियम असतं. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी भांडून का होईना, चूल बाहेर काढली असती.

कुर्लेकरीण
25 फेब्रुवारी, रात्री 10:50

तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी एवढं लिहिलंत, मला दोन दिवस उत्तर सुचेना.

हिमोग्लोबिन 9.1. मिसरी सासूबाई लावतात आणि, सांगून टाकते, सकाळी मळमळतं म्हणून मीही लावत होते. पेन्सिल नाही, पण भाजलेली माती दोनदा आणली होती. दोन्ही बंद केलं.

शिसं मला 11.8. मुलीला 14.6.

मुलीचा आकडा फोनवर आला तेव्हा नवरा खाली बॅटरी खोलून बसला होता. मी शिडीवरूनच वाचून दाखवला. त्याने हातातलं काम ठेवलं, हात धुतले, पुन्हा धुतले, आणि तरी तिला उचलून घेईना. त्या रात्रीपासून तो खालच्या मोरीत आंघोळ करतो. दिराने दोन दिवस कुरकुर केली, मग स्वतःच बाजारातून निळी बादली आणली आणि तिच्यावर रंगाने "शिसं" लिहिलं. कढई आता गल्लीच्या टोकाला ओळखीच्या वेल्डरच्या शेडमध्ये नेली आहे, भाडं महिना 1,200. एवढं परवडवू.

सिस्टर, मुलीला औषध लागेल का? आणि आणखी एक. सासूबाई दर शनिवारी दारातल्या मारुतीला तेल-शेंदूर लावतात, आणि तसंच कणीक मळायला बसतात. त्या बीएस्सीवाल्या मुलीने शेंदराचंही काहीतरी सांगितलं.

परळची_सिस्टर
26 फेब्रुवारी, सकाळी 6:05

14.6 ला औषध देत नाहीत. रक्तातून शिसं ओढून काढणारी औषधं साधारण 45 च्या वर गेल्यावर देतात. तिचं औषध म्हणजे ती निळी बादली आणि ओलं फडकं. जेवायच्या आधी तिचे हात साबणाने धू, नखं कापत जा, उपाशी ठेवू नकोस, कारण रिकाम्या पोटी शिसं जास्त शोषलं जातं. बालरोगतज्ज्ञांकडून लोह तपासून घे आणि बोलण्याचं दाखव. दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा.

शेंदराचं त्या मुलीने खरंच सांगितलं. परंपरेने जो शेंदूर वापरतात तो शिशाचाच ऑक्साइड असतो, म्हणून त्याला तो तांबूस-केशरी रंग. कुंकू वेगळं, हळद आणि चुन्याचं असलं तर त्यात शिसं नाही. सासूबाईंची पूजा मोडू नका. शेंदूर लावून झाला की साबणाने हात, आणि शेंदराची पुडी स्वयंपाकघरात नको, पोरीच्या हाताला लागेल अशी तर मुळीच नको. मारुतीरायाला याने राग येणार नाही.

मिसरी सोडलीस त्याबद्दल तुझी पाठ थोपटावीशी वाटते. याच मुंबईत 1,217 गरोदर बायकांचा अभ्यास झाला होता, 2004 मध्ये छापला गेला. मिसरी-तंबाखू लावणाऱ्या बायकांची बाळं सरासरी 105 ग्रॅमने हलकी आणि सहा दिवस लवकर आली होती. सहा दिवस म्हणजे किती ते पेटीजवळ बसलेल्या आईला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

ॲस्पिरिनचं विचारलंस का? त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस.

कुर्लेकरीण
26 फेब्रुवारी, सकाळी 9:30

विचारलं. आधी नको म्हणाल्या, मग मागचा कागद दाखवल्यावर वरच्या डॉक्टरांना विचारून आल्या आणि लिहून दिली. पुढच्या आठवड्यात सुरू.

कुर्लेकरीण
16 एप्रिल, रात्री 11:10

अठरावा आठवडा. मी 8.1, मुलगी 11.2. हिमोग्लोबिन 10.4. बीपी 118/76, घरी यंत्र घेतलंय, रोज वहीत लिहिते. संगमेश्वरला गेले नाही. मुलीला घेऊन महिनाभर जायचा विचार होता, पण तपासणी इथेच जवळ आहे आणि बीपीची धास्ती वाटते. नवऱ्याचा आकडा 38 आला. तो ऐकून मी आता त्याच्यासाठीही घाबरते. तळोज्याच्या दादांनी सांगितलेली पाणी मारायची पद्धत तो आणि दीर दोघंही पाळतात, तोंडाला मास्कही लावतात.

तळोजा_शिफ्टवाला
17 एप्रिल, सकाळी 8:00

38 म्हणजे दादांनी डॉक्टरांना दाखवायलाच हवं, आकड्याचा कागद घेऊन. साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही. धूळ-धुरासाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा मिळतो, तो घ्या, दाढी असेल तर काढायला सांगा. आणि प्लेटा खोलायचं काम शक्य तितकं कमी. अख्खी जुनी बॅटरी परवानाधारकाला देऊन नवी विकण्यात पैसा कमी सुटतो, पण सुटतो. मी त्यांच्याशी बोलायला तयार आहे.

कुर्लेकरीण
2 ऑगस्ट, दुपारी 4:15

आज 33 आठवडे आणि 6 दिवस. 20 जुलैला 32 पूर्ण झाले, त्या दिवशी मी कुणाला काही बोलले नाही, रात्री फक्त पोटावर हात ठेवून पडले होते. बीपी 126/82. बाळाचं वजन सोनोग्राफीत ठीक आहे.

माझं शिसं आता 8.4. एप्रिलपेक्षा थोडं चढलंय. पूड तर घरात येत नाही, मुलगी 8.9 वर आलीय. मग माझंच का चढलं? आणि बाळाला अंगावर पाजू का? दुधातून शिसं जाईल या विचाराने मी डबा आणायचं ठरवलं होतं.

परळची_सिस्टर
2 ऑगस्ट, दुपारी 4:50

डबा आणू नकोस.

शेवटच्या तीन महिन्यांत बाळाची हाडं भराभर भरतात, तेव्हा आईच्या हाडातलं बाहेर येतं. बऱ्याच जणींचा आकडा मधे उतरून शेवटी थोडा चढतो. ते तुझं हाडातलं जुनं शिसं असावं, धारावीचंही, आजच्या पुडीचं नाही. कॅल्शियम चुकवू नकोस.

आईचं शिसं 40 च्या खाली असलं तर अंगावर पाजायचं. तू 8 वर आहेस. बाळंतपणाला जाशील तिथे सांगून ठेव, तुमचं शिसं इतकं आहे, बाळाचंही तपासा. आणि बाळ लवकर आलंच, तर छातीशी उघड्या अंगाने धरायचं, कांगारूसारखं, आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर साधारण चौथ्या आठवड्याला मागून घ्यायची. ती कुणी विसरलं तरी तू विसरू नकोस.

डोकं दुखलं, डोळ्यांपुढे चमकलं, बरगडीखाली दुखलं, तर वहीत लिहीत बसू नकोस, निघ. रिक्षावाल्याचा नंबर भिंतीवर लावलायस का?

कुर्लेकरीण
2 ऑगस्ट, संध्याकाळी 5:10

लावलाय. त्याच्या रिक्षाची बॅटरी आमच्याकडेच असते, रात्री दोनला पण येईन म्हणालाय.